हंबकर पिकअप
विद्युत् गिटारच्या पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् दाबात रूपांतर करणारा आणि बाह्य चुंबकीय क्षेत्रामुळे उत्पन्न होणाऱ्या गुंजनाचा निरास करणारा दोन वेटोळ्यांचा ग्राहक. ‘हम’ म्हणजे गुंजन व ‘बक’ म्हणजे विरोध करणे या इंग्रजी शब्दांवरून हे नाव पडले आहे. मूळ गिटारमधील पिकअप काढून त्या जागी दुसरा हंबकर बसविण्याचे काम वरकरणी चार-पाच तारा डाखण्याचे असले, तरी त्यातील प्रत्येक जोडणीमागे चुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व असते. ते ध्यानात न घेता केवळ तारांच्या रंगांवर विसंबून केलेली जोडणी पुष्कळदा फसते.

तत्त्व : चुंबकाच्या क्षेत्रात असलेली पोलादी तार स्वतःही अंशतः चुंबकित होते. ती कंप पावू लागली की, खालच्या वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत तिच्या कंप्रतेने कमीजास्त होतो व वेटोळ्यात त्याच कंप्रतेचा विद्युत् दाब प्रवर्तित होतो. हा दाब फार तर काही शे मिलिव्होल्ट असतो. तो केबलमधून विवर्धकाकडे जातो. पितळी अथवा नायलॉनच्या तारा चुंबकित होत नसल्यामुळे असा पिकअप त्यांच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो.

तथापि वेटोळ्याला तारेचे कंपन व इतर चुंबकीय बदल यांतील भेद कळत नाही. रोहित्रे, चलित्रे, नळीदिव्यांचे चोक यांभोवती प्रत्यावर्ती प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र असते. तेही वेटोळ्यात दाब प्रवर्तित करते व ध्वनिक्षेपकातून ‘घूं’ असा अखंड नाद ऐकू येतो. भारतात पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने या नादात ५०, १००, १५० हर्ट्‌झ अशा हरात्मक कंप्रता असतात. अमेरिकेत त्या ६० हर्ट्‌झच्या पटीत असतात. एक वेटोळ्याच्या पिकअपमध्ये हा दोष अटळ असतो.

हंबकरमध्ये शेजारी शेजारी ठेवलेली दोन वेटोळी असून त्यांच्या खाली एकच पट्टीचुंबक असतो. त्याचा उत्तर ध्रुव एका वेटोळ्याच्या ध्रुवखंडांना व दक्षिण ध्रुव दुसऱ्याच्या ध्रुवखंडांना चिकटलेला असतो. त्यामुळे एकाच तारेच्या कंपनाने दोन वेटोळ्यांत परस्परविरुद्ध दिशांचे दाब उत्पन्न होतात. दोन्ही वेटोळी एकसरीत जोडताना त्यांपैकी एक उलट दिशेने जोडतात. या दुहेरी उलटापालटीने तारेचे संकेत पुन्हा एकाच दिशेचे होऊन त्यांची बेरीज होते. बाहेरून येणाऱ्या गुंजनाच्या क्षेत्राचा मात्र पिकअपमधील चुंबकाच्या ध्रुवांशी काहीच संबंध नसतो. ते दोन्ही वेटोळ्यांत सारखाच दाब निर्माण करते आणि जोडणी एकदाच उलट असल्याने त्यांची वजाबाकी होते. निरास पूर्ण होण्यासाठी दोन्ही वेटोळ्यांचे वेढे समान असावे लागतात. प्रत्यक्षात थोडा फरक असतोच आणि काही निर्माते नादगुणासाठी तो मुद्दाम ठेवतात.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हंबकर चुंबकीय गुंजनाचा निरास करतो, विद्युत् क्षेत्रामुळे येणाऱ्या खरखरीचा नव्हे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकामुळे येणारी तीक्ष्ण खरखर बव्हंशी या दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यावर धातूचे परिरक्षण व योग्य भूयोजन हाच उपाय आहे. नवा हंबकर बसवूनही आवाज गेला नाही, अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचे मूळ बहुधा येथे असते.

इतिहास : एकमेकींचा गुंजनदाब नाहीसा करणाऱ्या वेटोळ्यांची कल्पना १९३०–४० या दशकातही माहीत होती. गिटारसाठी तिचे व्यवहार्य रूप गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी सिद्ध केले. त्यांनी जून १९५५ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व एकस्व जुलै १९५९ मध्ये मिळाले. दरम्यान १९५७ पासून हे पिकअप कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारांवर बसविले जाऊ लागले होते. त्यांच्या तळाशी ‘एकस्वासाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्या आद्याक्षरांवरून त्या काळचे पिकअप ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात व संग्राहकांत त्यांना फार मोल आहे. पुढे चिठ्ठीवर एकस्वाचा क्रमांक छापण्यात आला, पण तो या पिकअपचा नसून लेस पॉल यांच्या तारबंधाच्या एकस्वाचा होता. याच सुमारास रे बट्स यांनी स्वतंत्रपणे असाच पिकअप ग्रेच कंपनीसाठी तयार केला. त्यांचा अर्ज १९५७ मधील असूनही त्यांना एकस्व लव्हर यांच्या आधी सु. एक महिना मिळाले.

मूळ पिकअप काढून दुसऱ्या निर्मात्याचा बसविण्याची प्रथा १९७० नंतर रूढ झाली. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा १९७२ च्या सुमाराचा पिकअप या प्रकारातील आद्य मानतात. सीमूर डंकन यांची कंपनी १९७६ मध्ये निघाली. एडी व्हॅन हेलन यांनी याच दशकात स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या गिटारमध्ये गिब्सनचा हंबकर घरच्या घरी बसविला व त्याला केवळ एक तीव्रता नियंत्रक जोडला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर अशा गिटारांची साथच पसरली. बाकी सर्व नियंत्रणे काढून टाकण्याचे कारण काटकसरीचे नसून, ती पुन्हा कशी जोडावीत याची फारशी माहिती त्यांना तेव्हा नव्हती, हे होते असे सांगतात.

रचना व विद्युत् गुणधर्म : लव्हर यांच्या मूळ धर्तीच्या पिकअपमध्ये प्रत्येक वेटोळ्यास सु. ५,००० वेढे असतात. त्यासाठी सु. ०.०६३ मिमी. व्यासाची, म्हणजे केसासारखी बारीक, निरोधक लेप दिलेली तांब्याची तार वापरतात. एका वेटोळ्याचे ध्रुवखंड स्थिर, तर दुसऱ्याचे स्क्रूच्या स्वरूपात व खालीवर करता येण्याजोगे असतात. चुंबक अल्निको या ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह यांच्या मिश्रधातूचा असतो. जोरकस पिकअपसाठी मृत्तिका चुंबकही वापरतात. आवरण जर्मन सिल्व्हरचे असते. हा मिश्रधातू अचुंबकीय असून त्याचा रोध पितळेपेक्षा बराच जास्त असल्यामुळे त्यात भोवरा प्रवाह कमी निर्माण होतात व उच्च स्वरांचा ऱ्हास टळतो.

अशा पिकअपचा एकदिश रोध सु. ७ ते ९ किलोओहम व प्रवर्तकता सु. ४ ते ५ हेन्री असते. जोरकस प्रकारांत रोध १३ ते १६ किलोओहम आढळतो. जाहिरातींत रोधाचा आकडा शक्तीचे माप म्हणून दिला जातो, पण त्यात फारसा अर्थ नाही. अधिक बारीक तार वापरली की, वेढे न वाढवताही रोध वाढतो. नादगुण ठरविणारी खरी राशी प्रवर्तकता ही आहे. ती आणि केबलची धारकता यांचे मिळून एक अनुस्पंदी मंडल बनते. प्रवर्तकता ४.४ हेन्री आणि पिकअप व सु. ५ मी. केबल यांची एकूण धारकता ६०० पिकोफॅराड धरल्यास अनुस्पंदन कंप्रता सु. ३,१०० हर्ट्‌झ येते. केबल दुप्पट लांबीची घेतल्यास ती सु. २,३०० हर्ट्‌झपर्यंत खाली येते व नाद मंद, दबलेला वाटू लागतो. नादगुण न आवडल्यास पिकअप बदलण्यापूर्वी आखूड केबल लावून पाहणे स्वस्त पडते.

नियंत्रकांच्या रोधाचाही यात वाटा आहे. हंबकरसाठी ५०० किलोओहमचे आणि एक वेटोळ्याच्या पिकअपसाठी २५० किलोओहमचे परिवर्ती रोधक वापरण्याचा प्रघात आहे. तीव्रता व नादगुण यांचे ५०० किलोओहमचे दोन नियंत्रक आणि विवर्धकाचा १ मेगॅओहम आदान रोध यांचा अनेकसरीत मिळून सु. २०० किलोओहम भार पिकअपवर पडतो. २५० किलोओहमच्या नियंत्रकांमुळे तो सु. १११ किलोओहम होतो. भाराचा रोध जितका कमी तितके अनुस्पंदनाचे शिखर सपाट होते. म्हणून स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये हंबकर बसविताना जुने नियंत्रक तसेच ठेवल्यास त्याचा उजळपणा कमी होतो. नादगुण नियंत्रकावरील धारित्र हंबकरसाठी सामान्यतः ०.०२२ मायक्रोफॅराडचे घेतात.

जोडतारांची ओळख : जुन्या धर्तीच्या हंबकरमधून एकच तार बाहेर येते. तिच्या मध्यभागी संकेतवाहक असून भोवती धातूची उघडी वीण असते. ही वीण पिकअपच्या आवरणाला व तळपट्टीला जोडलेली असते आणि तीच भूयोजनाची तार होय. आधुनिक हंबकरमध्ये दोन्ही वेटोळ्यांची दोन्ही टोके चार रंगीत तारांनी बाहेर काढतात व पाचवी उघडी तार परिरक्षणासाठी असते.

चार तारांच्या रंगांबाबत निर्मात्यांत एकवाक्यता नाही आणि घोटाळ्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. सीमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार संकेताची, हिरवी भूयोजनाची असून तांबडी व पांढरी एकमेकींस जोडावयाची असतात. डिमार्झिओच्या पिकअपमध्ये हिरवी भूयोजनाचीच असली, तरी तांबडी संकेताची आणि काळी व पांढरी एकमेकींस जोडावयाच्या असतात. आता पहिल्या निर्मात्याचा पिकअप दुसऱ्याच्या आकृतीप्रमाणे जोडला तर काय होईल? डंकनच्या काळ्या व पांढऱ्या तारा एकाच वेटोळ्याची दोन टोके आहेत. त्या एकत्र डाखल्याने ते वेटोळे लघुमंडलित होते व तांबडी–हिरवी यांमधील दुसरे वेटोळे तेवढे काम करते. गिटार वाजते, परंतु आवाज बारीक येतो व गुंजन कायम राहते. अशा वेळी वादक पिकअपला दोष देतो आणि तो परत पाठवतो.

हे टाळण्यासाठी डाखण्यापूर्वी बहुमापकाने रोध मोजावा. चार तारांपैकी ज्या दोन तारांमध्ये सु. ४ किलोओहम रोध मिळेल ती एका वेटोळ्याची जोडी आणि उरलेली दुसऱ्याची. निरनिराळ्या जोड्यांतील तारांमध्ये रोध अनंत दिसला पाहिजे. एकसरी जोडणीनंतर एकूण रोध सु. ८ किलोओहम भरला, तर दोन्ही वेटोळी मंडलात आहेत असे समजावे. ती योग्य दिशेने जोडली आहेत की नाही हे मात्र रोधावरून कळत नाही. त्यासाठी पुढे दिलेली कसोटी घ्यावी लागते.

प्रत्यक्ष बदल : प्रथम तारा सैल करून काढतात व मूळ जोडणीची आकृती काढून ठेवतात. छायाचित्रही चालते, पण आकृती काढताना प्रत्येक तार कोठून कोठे जाते हे पाहावेच लागते. पिकअप कड्यावर किंवा पुढच्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी लटकवलेला असतो. स्क्रूंवरील स्प्रिंगा उडून हरवतात, त्या सांभाळाव्यात. नवा पिकअप विकत घेण्यापूर्वीच खोबणीची खोली व तारांमधील अंतर तपासणे इष्ट असते. घोडीजवळ पहिल्या व सहाव्या तारेतील अंतर काही गिटारांत सु. ५० मिमी., तर काहींत ५२ ते ५३ मिमी. असते व त्यानुसार ध्रुवखंडांचे अंतरही दोन मापांत मिळते.

डाखकामासाठी २५ ते ४० वॉटची कावी आणि राळेचा गाभा असलेली, कथिल व शिसे यांची ६०:४० प्रमाणाची डाखतार योग्य ठरते. पत्र्याच्या कामातील आम्लयुक्त अभिवाह कधीही वापरू नये. तो तांब्याच्या बारीक तारा काही महिन्यांत खातो. सर्वांत अवघड जागा म्हणजे परिवर्ती रोधकाची धातूची पाठ. तिच्यावर भूयोजनाच्या तारा डाखावयाच्या असतात आणि ती उष्णता शोषून घेते. कमी शक्तीची कावी दीर्घकाळ टेकवून ठेवल्यास आतील कार्बनी पट्टी भाजते व नंतर बटण फिरवताना खरखर येते. त्यापेक्षा पाठ सँडपेपरने घासून, चांगल्या तापलेल्या कावीने आधी तेथे डाखाचा पातळ थर द्यावा आणि मग तार ठेवून तीन-चार सेकंदांत काम उरकावे. थंड झालेला सांधा चकचकीत व पसरट दिसला पाहिजे; गोळीसारखा फुगीर सांधा बहुधा वरवर चिकटलेला असतो.

एकमेकींस जोडावयाच्या दोन तारा पिळून, डाखून त्यांवर निरोधक नळी चढवतात. संकेताची तार निवड स्विचच्या किंवा तीव्रता नियंत्रकाच्या पूर्वीच्याच टोकास आणि हिरवी व उघडी या दोन्ही तारा मिळून नियंत्रकाच्या पाठीवर डाखतात. एका तारेच्या जुन्या धर्तीच्या पिकअपची उघडी वीण संकेताच्या टोकास चुकून टेकली, तर आवाज पूर्णपणे बंद होतो. म्हणून वाटेत तिच्यावर नळी असणे बरे. तारा चढविण्यापूर्वीच गिटार विवर्धकास जोडून, लोखंडी पेचकस ध्रुवखंडांवर हलकेच टेकवून पाहावे. दोन्ही वेटोळ्यांवर सारखाच ‘टक्’ असा आवाज आला, तर दोन्ही चालू आहेत असे समजावे.

दोन पिकअपांच्या गिटारमध्ये एकच बदलल्यास आणखी एक प्रश्न उभा राहतो. नवा व जुना हे समकलेत नसतील, तर दोन्ही एकदम चालू केल्यावर खालच्या कंप्रता एकमेकींना मारतात व नाकातून काढल्यासारखा, पोकळ नाद येतो. याची कसोटी सोपी आहे. काट्याचा मापक सर्वांत लहान एकदिश दाबाच्या पल्ल्यावर ठेवून पिकअपला जोडावा, ध्रुवखंडांवर पेचकस टेकवावा आणि झटक्यात दूर न्यावा. काटा ज्या दिशेला हलतो ती दोन्ही पिकअपांच्या बाबतीत एकच हवी. एकाच पिकअपच्या दोन वेटोळ्यांवर हा प्रयोग स्वतंत्रपणे केल्यास त्यांची परस्पर जोडणी बरोबर आहे की नाही हेही कळते. चार तारांच्या पिकअपमध्ये कला उलटविण्यासाठी संकेताच्या व भूयोजनाच्या तारांची अदलाबदल पुरते, मात्र उघडी तार भूयोजनावरच राहू द्यावी. एका तारेच्या पिकअपमध्ये अशी अदलाबदल करता येत नाही, कारण मग धातूचे सर्व आवरणच संकेताला जोडले जाऊन हात लावताच गुंजन उठते. तेथे आतील चुंबक उलटा करणे हा मार्ग उरतो. पीटर ग्रीन यांच्या लेस पॉल गिटारचा विख्यात पोकळ नाद अशाच उलट्या चुंबकाचा परिणाम होता, तेव्हा हा दोष सर्वांनाच दोष वाटेल असे नाही.

चार तारांमुळे इतर जोडण्याही शक्य होतात. मधला सांधा स्विचने भूयोजित केल्यास एकच वेटोळे उरते व उजळ नाद मिळतो, पण गुंजनही परत येते. त्यापेक्षा दोन्ही वेटोळी अनेकसरीत जोडणे अनेकदा अधिक हिताचे असते. तसे केल्याने प्रवर्तकता एकसरी जोडणीच्या सु. एक चतुर्थांश होते, नाद उजळतो आणि गुंजनाचा निरास तसाच राहतो. वादकांत हा प्रकार त्या मानाने दुर्लक्षित आहे.

शेवटी उंची जुळवतात. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असता ध्रुवखंड व तार यांत सु. २ मिमी. अंतर ठेवून सुरुवात करावी व कानाने ठरवावे. पिकअप फार वर आणल्यास आवाज मोठा होतो, पण ठोक्याची तीव्रता इतकी वाढते की स्वर लगेच विरल्यासारखा वाटतो.

भूयोजन व सुरक्षितता : घोडीपासून नियंत्रकाच्या पाठीपर्यंत एक तार लाकडातून नेलेली असते. पिकअप बदलताना ती तुटणे ही नेहमीची गोष्ट आहे. ती शाबूत असल्यास तारांवर हात ठेवताच गुंजन कमी होते; तुटल्यास मात्र हात ठेवूनही ते कमी होत नाही. वादकाचे शरीर आसपासचे विद्युत् क्षेत्र टिपत असते व घोडीच्या तारेमुळे ते भूयोजित होते, हे त्याचे कारण आहे.

याच तारेमुळे वादक विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी कायमचा जोडलेला असतो. सांगाड्याचे भूयोजन शाबूत असेपर्यंत त्यात धोका नाही. ते नसेल आणि आतील दोषामुळे सांगाड्यावर पुरवठ्याचा दाब आला, तर तो थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोचतो. तशात भूयोजित ध्वनिग्राहकाला ओठ किंवा हात लागला की, प्रवाह छातीतून वाहतो. ध्वनिग्राहकच सदोष असून गिटार भूयोजित असली, तरी परिणाम तोच. स्टोन द क्रोज या गटातील वादक लेस्ली हार्वे यांचा ३ मे १९७२ रोजी स्वॉन्झी येथे रंगमंचावर अशाच रीतीने मृत्यू झाला. यार्डबर्ड्‌स या गटाचे गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये भूयोजन सदोष असलेली गिटार घरी वाजवत असताना मरण पावले.

यास्तव गुंजन घालविण्यासाठी विवर्धकाच्या तीन खुंट्यांच्या प्लगमधील भूयोजनाची मोठी खुंटी काढून टाकणे अथवा तिची तार तोडणे हा प्रकार सर्वथा त्याज्य आहे. त्याने गुंजन कधी कधी कमी होते, म्हणूनच तो मोहात पाडतो. भारतात २३० व्होल्टचा पुरवठा असून अनेक जुन्या घरांत व तात्पुरत्या मंडपांत भिंतीवरील तिसरे छिद्र कशालाच जोडलेले नसते. दोन तारांच्या केबलच्या जुन्या विवर्धकांत तर पुरवठ्याची एक तार व सांगाडा यांमध्ये धारित्र बसविलेले असे. ते बिघडल्यास सांगाडा सरळ पुरवठ्यावर येतो. असे विवर्धक जाणकाराकडून तीन तारांचे करून घ्यावेत. पुरवठ्याच्या मार्गात ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा भूगळती संरक्षक असल्यास धोका पुष्कळ कमी होतो. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या परीक्षक साधनाने प्रयोगापूर्वी प्रत्येक सॉकेट तपासण्यास एक मिनिटही लागत नाही.